बाबांच्या मेलची पोच

दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक खोली जास्तीची आहे. तिच्यात एक पलंग आहे, पलंगावर पडल्या पडल्या हात पोचेल अशा उंचीवर दिव्याचं बटण आहे, आणि खोलीला लागून असलेल्या बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा आहे. हे सगळं मी स्वतः उभं राहून करून घेतलं. सध्या पलंगावर इस्त्रीचे कपडे असतात आणि दांड्यावर ओले टॉवेल. ज्यांच्यासाठी खोली घेतली ते माझे वडील इथे आले नाहीत आणि येणारही नाहीत. कुणी विचारलं तर मी ‘सिस्टिममध्ये जरा इश्यू झाला’ एवढंच सांगतो. दुबईत या वाक्यावर पुढे कुणी काही विचारत नाही. व्हिसाचं काहीतरी असेल असं समजून लोक मान हलवतात, इन्शाल्ला म्हणतात आणि चहा मागवतात.

सिस्टिम मीच केली होती.

यंत्रांच्या बाबतीत मी पहिल्यापासून उतावळा. मनखूलच्या जुन्या घरात असताना मी एकदा सगळे दिवे मोबाईलवर आणले. त्याच आठवड्यात इंटरनेट गेलं आणि आम्ही तिघं लख्ख उजेडात डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपलो, कारण दिवे बंद कसे करायचे ते कुणालाच माहीत नव्हतं. टॉवेलाखालून बायको म्हणाली, “भिंतीवरच्या बटणाने तुझं काय घोडं मारलं होतं?” मुलगी टॉवेलाखालून हसत होती. तेव्हा माझ्या चुका या थराच्या असत. हसून निभावण्याजोग्या.

नोकरी जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत. फुजैराच्या समुद्रात तेल भरायला थांबलेल्या जहाजांना पाणी, भाजी, दोर, रंग, जे लागेल ते आमच्या लाँच नेऊन देतात. मी दुबईच्या ऑफिसात बसून आय.टी. बघतो. पदाचं नाव भारदस्त आहे, पण दिवसाची सुरुवात बहुधा कुणाच्या तरी प्रिंटरपासून होते.

तिथली अडचण अशी होती, की जहाजांचे कप्तान मेलशिवाय काही लिहीत नाहीत आणि फुजैराची आमची पोरं मेल म्हणून कधी उघडत नाहीत. ती सगळी ऑफिसच्या चॅट ॲपवर. त्या ॲपमध्ये कामाकामाचे कट्टे असतात, त्यांना चॅनेल म्हणतात: पाण्याचं एक, भाजीपाल्याचं एक, लाँचचं एक. कप्तानाचा मेल आला की कुणीतरी तो उचलून योग्य त्या चॅनेलमध्ये चिकटवायचा, आणि त्या कुणीतरीची जेवणाची सुट्टी झाली की जहाज तहानलेलं. माझ्या लक्षात आलं की ॲपमधल्या प्रत्येक चॅनेलला स्वतःचा मेलचा पत्ता देता येतो. त्या पत्त्यावर मेल टाकला की तो थेट चॅनेलमध्ये जाऊन पडतो. आमची चॅनेलं ढीगभर. एकेकासाठी हाताने बटणं दाबत बसण्यापेक्षा मी एपीआयमार्फत काम केलं, म्हणजे माझ्या प्रोग्रामनेच त्यांच्या प्रोग्रामला सांगायचं, की हे चॅनेल, याला पत्ता दे. तो चॅनेलचं नाव घेई, तिकडून पत्ता येई, की पुढचं. पत्ते म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची भेळ, पण प्रत्येकाची वेगळी. त्या दुपारी खुर्चीत रेलून मी ते येताना बघत होतो आणि मला अगदी ब्रह्मदेव झाल्यासारखं वाटत होतं.

पहिला तडाखा लगेच बसला. एका कप्तानाने पाणी मागितलं. मेल चॅनेलमध्ये पडला, पोरांनी त्याच्याखाली अंगठे उमटवले, कुणी ‘यल्ला’ म्हणजे ‘चला’ लिहिलं, कुणी लाँचचा फोटो टाकला. कप्तानाला यातलं काहीच दिसलं नाही. मेल आत जात होता, बाहेर काही येत नव्हतं. त्याने वाट बघून दुसऱ्या पुरवठादाराला बोलावलं आणि आमची लाँच पाणी घेऊन गेली तशी परत आली. आमचा मॅनेजर लेबनानी आहे, ओरडत नाही. “हबीबी,” एवढंच म्हणाला, “माणसाला कळायला तरी हवं की आपण जिवंत आहोत.”

मग मी प्रोग्रामला एक शेपूट जोडलं. मेल चॅनेलमध्ये पडला की पाठवणाऱ्याला आपोआप पोच जाईल. मजकूर मॅनेजरने इंग्रजीत घालून दिला, सगळ्या कंपन्यांचा असतो तसा. मेल मिळाला, संबंधित टीमकडे पाठवला आहे, कृपया या मेलला उत्तर देऊ नये. या पोचा ज्याने प्रोग्राम चालवला त्याच्या नावाने जात, पण त्याच्या स्वतःच्या डब्यात, ना गेलेल्या ना आलेल्या, दिसत नसत. रोज एवढा कचरा कोण बघणार, म्हणून ती सोय मीच केली होती.

आता घराकडे येतो.

बाबा पाटबंधारे खात्यात आवक-जावक विभागात होते. आलेला प्रत्येक कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, देणाऱ्याला पोच द्यायची. ही सवय घरी आली नसती तरच नवल. आईने शेजारी वाटीभर आमटी पाठवली, तरी परत आलेल्या मुलाला बाबा विचारणार, “दिलीस? हातात दिलीस? काय म्हणाल्या?” आमच्या घरात कुणाला गुपचूप कुठे पोचायची मुभा नव्हती. मी आजही विमान उतरलं की पट्टा सोडायच्या आधी ‘पोचलो’ लिहितो. आणि त्यांचा दुसरा नियम असा, की विचारायचं एकदाच. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे स्मरणपत्र, आणि घरच्यांना स्मरणपत्र पाठवायची वेळ येऊ नये.

आई गेल्यावर ते मिरजेच्या फ्लॅटमध्ये एकटे राहिले. कान जवळजवळ गेलेले. यंत्र लावलं की ते शिट्टी मारतं, म्हणून खिशात. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ते हसत, मान हलवत, आमचे ओठ थांबले की “बरं आहे, बरं आहे” म्हणत. खरं बोलणं मेलवर. टॅबलेटवर एका बोटाने, शुद्ध मराठीत, वर ‘अनेक आशीर्वाद’ आणि खाली ‘पोच द्यावी’. आम्ही तिघं भावंडं, ताई टोरांटोला, धाकटा बंगळूरला आणि मधला मी. ते तिघांना वेगवेगळे मेल लिहीत आणि आमचं तिघांचंही ‘आज रात्री सविस्तर लिहू’ असं ठरवून लिहायचं राहून जाई. एकदा रविवारी त्यांनी कॅमेऱ्यासमोर कागद धरला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मेल मिळतात का?’

हे काळजाला लागलं आणि मी तेच केलं जे मला येतं.

आमच्या भावंडांचं त्याच ॲपवर एक फुकटातलं खातं होतं. मी त्यात तीन चॅनेलं केली, एक घराचं, एक तब्येतीचं, एक असंच सगळ्यांचं, आणि ऑफिसचा प्रोग्राम जसाच्या तसा उचलून त्यांच्यावर चालवला. पत्ते आले. मिरजेला गेलो तेव्हा बाबांच्या टॅबलेटमध्ये ते ‘घर’, ‘तब्येत’ आणि ‘सगळे’ या नावांनी साठवून दिले. बाबांनी एक मेल लिहायचा, तो एकदम सगळ्यांना दिसायचा आणि खाली सगळ्यांनी उत्तरं द्यायची, अशी योजना. कप्तानाचा धडा मी विसरलो नव्हतो, उलट त्याची मला फार घमेंड होती. ॲपमध्ये तेव्हा नवीनच एक सोय आली होती, चॅनेलमधली उत्तरं मेलने पोचवायची. ती मी चालू केली, स्वतःच्या पत्त्यावरून एक मेल टाकला, ताईला खाली ‘हॅलो’ लिहायला लावलं, आणि तिचा ‘हॅलो’ माझ्या मेलमध्ये टुणकन आला. झालं. तपासणी पूर्ण. तो मला आला कारण मी ॲपचा सभासद होतो. ती सोय सभासदांपुरतीच होती. बाबा सभासद नव्हते, त्यांच्याकडे नुसते पत्ते होते. ऑफिसात असं काही दुसऱ्याने केलं असतं तर मी त्याला मीटिंगमध्ये हसलो असतो.

बाबांचा पहिला मेल आला: जिन्यातला दिवा गेला आहे, गुडघा बरा आहे. आम्ही तिघं तुटून पडलो. ताईने लांबलचक लिहिलं, धाकट्याने नाचणारं अस्वल टाकलं, मी इलेक्ट्रिशियनचा नंबर दिला. दुसऱ्या दिवशी बाबांचा मेल, ‘पोच तत्काळ मिळाली. कौतुक वाटले.’

आम्ही किती खूष झालो होतो. ताईने मला स्वतंत्र लिहिलं, की एवढ्या वर्षांत तू केलेलं हे पहिलं उपयोगाचं काम. खरंच, त्या महिन्यांत आम्ही बाबांशी जेवढं बोललो तेवढं लहानपणापासून बोललो नव्हतो. ताईने आईच्या हातच्या भरल्या वांग्यांची कृती विचारली. स्वतः करून बघितली, जळकी कढई दाखवली. धाकट्याने नोकरीतली एक अडचण त्यांना सांगितली, जी आम्हालाही माहीत नव्हती. मीही काही काही लिहिलं. बाबांचे मेल मात्र आखूड होत गेले. ‘सर्व ठीक. पोच मिळाली.’ ‘हवा कोरडी. पोच मिळाली.’ वांग्यांच्या कृतीबद्दल अक्षर नाही. आम्ही आपसात म्हणालो, आईचा विषय त्यांना नको वाटत असेल.

मग तो मेल आला, ‘घर’ या पत्त्यावर. मला तो पाठ आहे.

‘अनेक आशीर्वाद. येथे सर्व ठीक. एक विचार बरेच दिवस मनात आहे. दुबईस तुमच्याकडे येऊन राहावे की कसे. जमल्यास कायमचेही. जिना आता होत नाही आणि संध्याकाळी घर मोठे वाटते. अडचण असल्यास निःसंकोच कळवावे, राग नाही. गावाबाहेर एक ज्येष्ठांचा निवास पाहून ठेवला आहे. त्यांना महिनाअखेर होय किंवा नाही सांगायचे आहे. पोच द्यावी.’

ताईचं उत्तर त्याच दिवशी. धाकट्याने त्याच दिवशी विमानाचं चित्र टाकलं आणि ‘बाबा बॅग भरा’ असं लिहिलं. मी घरी जेवताना बायकोला मेल वाचून दाखवला. ती लगेच म्हणाली, “येऊ देत की.” मी म्हणालो, हो, पण. आणि तो पण मी पुढे दोन दिवस चघळला. मनखूलच्या त्या घरात दोनच खोल्या. एक आमची, एक मुलीची. मोठं घर घ्यायचं तर कुसैसला जावं लागणार, शाळा लांब, भाडं एवढे दिरहम, म्हणजे एवढे लाख रुपये, बायको मोठ्याने हिशेब करायची आणि मी मुकाट ऐकायचो. खरं सांगायचं तर हिशेब नव्हता अडलेला. बाबा समोर बसलेत, काही ऐकू येत नाही आणि मी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर ओठ हलवतोय, हे चित्र मला पेलेना. शेवटी मुलगीच म्हणाली, “आजोबा कॅन हॅव माय रूम. आय डोन्ट माइंड.” तिच्यापुढे लाज वाटली म्हणून मी त्या रात्री लिहिलं, ‘बाबा, या. नक्की या. आम्ही मोठं घर बघतो.’

बाबांचं पुढचं पत्र कोरडं होतं. ‘पोच मिळाली. समजले. त्याप्रमाणे करतो.’

त्याप्रमाणे करतो, म्हणजे येतो. दुसरा काय अर्थ होता? आम्ही कुसैसला घरं बघायला लागलो. एजंट पाकिस्तानी होता. त्याच्या अब्बांनाही गुडघ्याचा त्रास, त्यामुळे तो प्रत्येक घरात आधी बाथरूम दाखवायचा आणि मग हॉल. हे घर पसंत पडलं. सामान हलवलं. बाबांना पासपोर्टची कॉपी मागितली, अर्थात चॅनेलमध्ये. आली नाही. पुन्हा मागितली. रविवारी कॅमेऱ्यात मी माझा पासपोर्ट धरून दाखवला. बाबांनी निरखून पाहिलं, हसले, “बरं आहे” म्हणाले. त्यांच्या मागची भिंत मला नवी वाटली. रंग दिला असेल म्हटलं.

शेवटी धाकटा म्हणाला, मीच मिरजेला जाऊन घेऊन येतो पासपोर्ट.

त्याचा फोन आला तेव्हा मी याच खोलीत होतो. प्लंबर बाथरूममध्ये दांड्यासाठी भोकं पाडत होता आणि मी त्याला उंची दाखवत होतो. धाकटा म्हणाला, “दादा, घरात दुसरेच लोक राहतात.”

मी म्हणालो, मजला चुकला असशील.

“मी इथे लहानाचा मोठा झालो दादा. भाडेकरू आहेत. समोरच्या काकू म्हणतात, बाबा निवासात गेले. आईचं शिलाई मशीन कामवाल्या मावशींना दिलं. भांडी पण.” मग हळूच, “काकू विचारत होत्या, तुम्हाला पोरांना माहीत नव्हतं का.”

प्लंबरला मी थांब म्हणायला विसरलो. तो ड्रिल चालवत राहिला. तासाभराने धाकट्याचा निवासातून दुसरा फोन.

“बाबा म्हणतात दादाने कळवलं होतं.”

“काय कळवलं होतं मी?”

“त्यांनी टॅबलेट दाखवलाय. थांब, वाचतो. युअर मेसेज हॅज बीन रिसीव्हड अँड फॉरवर्डेड टू द कन्सर्न्ड टीम. काइंडली डू नॉट रिप्लाय टू धिस मेल.” त्याचा आवाज बदलला. “वर तुझं नाव आहे. आणि हे एकच नाही, दादा, इथे खाली खाली जातोय तर हेच आहे सगळं. आमचं एकही नाही. ताईचं नाही, माझं नाही.”

“आणि?”

“आणि काय? शेवटी लिहिलंय, थँक यू फॉर चूझिंग अस.”

ती ओळ मॅनेजरची होती. कप्तान लोकांना बरं वाटतं म्हणून. घरच्या चॅनेलांवर प्रोग्राम चालवताना मी शेपूट कापायला विसरलो होतो, आणि बाबांच्या ‘पोच मिळाली’ला आम्ही तिघंही भुललो होतो. माझा बाप मला म्हणाला होता, येऊ का तुझ्याकडे राहायला, आणि मी त्याला लिहिलं होतं, आम्हाला निवडल्याबद्दल आभारी आहोत.

मी त्याच आठवड्यात गेलो. निवास वाईट नाही, हे मला आधी सांगितलं पाहिजे. बाहेर कण्हेरी आहेत, फरशी स्वच्छ आहे. बाबांची खोली त्यांच्या टेबलासारखीच, सगळं काटकोनात. मला बघून त्यांनी खिशातून यंत्र काढून कानाला लावलं, शिट्टीसकट. रागावलेले अजिबात नव्हते. रागावले असते तर माझी सोय झाली असती.

मी मोठ्या आवाजात सगळं समजावलं. चॅनेल, पत्ते, सभासद, शेपूट. बाहेरच्या बाकावरचे दोन म्हातारेही ऐकायला वळून बसले. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मजकूर मात्र बरोबर होता. आम्हीही लोकांना हेच लिहायचो. आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवला आहे.”

“बाबा, ते यंत्राने लिहिलं होतं.”

“आमच्याकडेही छापीलच असायचं.” ते जरासे हसले. “ते कुणाला पाठवायचं, हे ठरलेलं होतं. ज्याचं काम होणार नाही त्याला. तोंडावर नाही कसं म्हणायचं? मला वाटलं, पोरगा शिकला.”

उत्तर देऊ नये असं लिहिलेलं होतं म्हणून त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. ‘समजले, त्याप्रमाणे करतो’ एवढं मात्र वेगळ्या मेलने कळवलं, आणि दुसऱ्यांदा विचारायचं नाही म्हणून पुढे काही विचारलं नाही. महिनाअखेर आली तेव्हा निवासाला होय सांगितलं.

मग मी माझ्या मोबाईलवर ते चॅनेल उघडून त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, हे बघा, सगळ्यांनी काय काय लिहिलंय ते. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली, पार पहिल्या मेलपासून. नाचणारं अस्वल लागलं तेव्हा मला विचारलं, हे काय आहे. ताईची जळकी कढई त्यांनी बोटांनी मोठी करून पाहिली. “मीठ आधी घातलंन,” म्हणाले. धाकट्याच्या नोकरीची भानगड दोनदा वाचली आणि त्या वेळी त्याला काय सांगितलं असतं ते मला सांगू लागले, मग मध्येच थांबले, कारण ती नोकरी त्याने केव्हाच सोडली होती. मी बाजूच्या स्टुलावर बसून होतो. आता मेल येईल, त्याखाली आमची उत्तरं येतील आणि सगळं मिटेल, अशा भाबड्या हिशेबात.

तो मेल आला. त्याखालची उत्तरं त्यांनी वाचली. पण आयुष्यभर आवक-जावक केलेला माणूस मजकुराआधी तारीख बघतो, हे माझ्या ध्यानात नव्हतं. त्यांचं बोट ताईच्या नावावर गेलं, मग धाकट्याच्या, मग बरंच खाली सरकून माझ्या.

“तुझं दोन दिवसांनी आहे,” ते म्हणाले.

मी घराचं, भाड्याचं, शाळेचं सांगू लागलो. मुलीने खोली दिली तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. बरं आहे, असं मात्र म्हणाले नाहीत. मोबाईल रुमालाने पुसून मला परत दिला.

मी म्हटलं, “बाबा, चला. खोली तयार आहे. इथलं मी बोलतो त्यांच्याशी.”

“आता नको.”

“का पण?”

ते बाहेर कण्हेरीकडे बघू लागले. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारायला तोंड उघडलं, तर हाताने थांबवलं. “तिकडे आलो तर रोज वाटत राहील, मला बोलावलं की चूक झाली म्हणून बोलावलं. तू चांगलाच वागशील. म्हणून जास्त वाटेल.”

तसं नाही म्हणावं तर ते दोन दिवस ॲपमध्ये तसेच आहेत, आणि ते कुठल्या प्रोग्रामने घातलेले नाहीत.

निघताना त्यांनी फाटकापर्यंत सोडलं. दुबईला उतरल्यावर मी पट्टा सोडायच्या आधी ‘पोचलो’ लिहिलं, थेट त्यांच्या पत्त्यावर. त्यांचं उत्तर लगेच आलं. ‘मिळाले.’

घरची चॅनेलं मी बंद केली. ऑफिसातला प्रोग्राम चालू आहे. तो उत्तम चालतो, त्याबद्दल मला मॅनेजरने सगळ्यांसमोर शाबासकीही दिली, आणि रोज समुद्रातल्या कुठल्या ना कुठल्या कप्तानाला माझ्या नावाने ती तीन वाक्यं जातात. मॅनेजरला शेवटची ओळ काढू या का असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, का, छान तर आहे. खलास.

आता मी रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी या खोलीत बसून बाबांना मेल लिहितो, हाताने, एकेक अक्षर. पलंगावरचे कपडे जरा सरकवले की बसायला जागा होते. खिडकीतून विमानतळाकडे उतरणारी विमानं दिसतात. पहिल्यांदा मला लिहायला काही सुचत नसे, म्हणून मी विमानांबद्दलच लिहीत असे. ताई आणि धाकटाही वेगवेगळे लिहितात. तब्येत विचारतात, वांग्यांबद्दल विचारतात. बाबांची उत्तरं येतात, नियमित, दोन-तीन ओळींची. मी मोठा मेल लिहिला तरी तेवढीच.

काल लिहिलं होतं, की पोरीने विचारलंय, आजोबा सुट्टीत तरी येतील का, थोडे दिवस. ते वाक्य मी पुनःपुन्हा लिहिलं आणि खोडलं. मुलीचंच होतं, पण माझं वाटेल की काय म्हणून. शेवटी तसंच ठेवलं.

आज सकाळी उत्तर आलं.

‘पत्र मिळाले. येथे सर्व ठीक. तिला आशीर्वाद सांगणे. रोज लिहिण्याचे कष्ट घेऊ नयेत, उत्तराची घाई नसते.’